पेडलच्या मुळाशी

सायकलवर बसलेल्या माणसाच्या पायांतली सगळी ताकद मागच्या चाकाला पोचण्याआधी एका आडव्या नळीतून जाते. ही नळी जेमतेम चार बोटं रुंद असते. सीटखालून उतरणारा दांडा, पुढून तिरका येणारा दांडा आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्या जिथे एकत्र येतात, तिथे ती जोडलेली असते. तिच्यात दोन कप, एक ॲक्सल आणि काही छर्रे बसवलेले असतात. या सगळ्याला मिळून बॉटम ब्रॅकेट म्हणतात आणि दुकानात ‘बीबी’. चेन डोळ्यांसमोर असते, ब्रेकची रबरं दिसतात, टायरची झीज हाताला लागते. बीबी झाकलेली असते, त्यामुळे ती वाजू लागेपर्यंत तिची आठवण कुणाला होत नाही, आणि वाजू लागते तेव्हा आतलं पोलाद बऱ्याचदा खराब झालेलं असतं.

तिच्यावरचा भार समजून घ्यायला थोडं अंकगणित पुरतं. ७० किलो वजनाचा माणूस चढावर सीटवरून उठतो आणि सगळं वजन एका पेडलवर टाकतो. क्रँकची लांबी साधारण १७० मिलिमीटर असते. ४४ दात्यांच्या चेनव्हीलची त्रिज्या भरते ८९ मिलिमीटर. तरफेच्या हिशेबाने चेनवर सुमारे १३४ किलोंचा ताण येतो. पेडल खाली दाबतं, चेन मागे ओढते, आणि या दोन्हींचा मिळून दीडशे किलोंच्या घरात जाणारा भार त्या ॲक्सलला पेलावा लागतो. पेडल बेअरिंगपासून बरंच बाहेर असल्यामुळे उजव्या बाजूला तो आणखी वाढतो. शिवाय भार सगळ्या छर्‍यांवर सारखा पसरत नाही. एका वेळी दाबाच्या बाजूला आलेले मोजके छर्रेच तो उचलतात.

वेग मात्र अगदी कमी. पाय मिनिटाला ६० ते ९० फेरे मारतात, म्हणजे तासाला ३,६०० ते ५,४००. यंत्रशाळेतल्या मोटारीपुढे हे काहीच नाही. पण बेअरिंग इतकं सावकाश फिरतं तेव्हा छर्रा आणि कप यांच्यामध्ये वंगणाचा जाड थर तयार होत नाही, धातू धातूच्या अगदी जवळ राहतो. म्हणून इथे पातळ तेलापेक्षा चिकट, पाण्याला दाद न देणारं ग्रीस लागतं. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. बीबीच्या घर्षणात वाया जाणारी ताकद एकूण श्रमाच्या मानाने अगदी थोडी असते. टायरमध्ये हवा कमी असली की पाय लगेच सांगतात. बीबी कोरडी पडली तर सांगत नाहीत. चालवणाऱ्याला सायकल जड वाटत नाही आणि तो महिनोन्‌महिने तशीच चालवत राहतो.

सुरुवातीच्या सायकलींना बीबी नव्हतीच. पेडलं थेट पुढच्या चाकाच्या ॲक्सलला जोडलेली असत. पुढे मोठं, मागे छोटं चाक असलेल्या उंच सायकलींचीही तीच रचना होती. १८८५ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावी जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ बाजारात आणली. तिची दोन्ही चाकं जवळजवळ सारखी होती आणि पेडलची ताकद चेनने मागच्या चाकाकडे जात होती. पेडलं चाकापासून सुटली आणि त्यांना फ्रेमच्या तळाशी स्वतःची जागा मिळाली. आजच्या बीबीचा जन्म तिथला.

छर्रे त्याआधीच आले होते. पॅरिसचे सायकल कारागीर ज्यूल सुरिरे यांनी १८६९ मध्ये सायकलच्या बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिस ते रुआँ ही १२३ किलोमीटरची शर्यत झाली. जेम्स मूर यांनी ती साडेदहा तासांच्या आसपास जिंकली, आणि त्यांच्या सायकलला हे बेअरिंग होतं. अडचण होती ती छर्‍यांच्या आकाराची. एक छर्रा केसभर मोठा असला तर सगळा भार त्याच्यावर येतो आणि तो फुटतो. जर्मनीत श्वाइनफुर्ट इथे फ्रिडरिख फिशर यांनी १८८३ मध्ये पोलादी छर्रे एकसारखे गोल घासणारं यंत्र तयार केलं तेव्हा हा प्रश्न सुटला. पुढे मोटारींपासून गिरण्यांपर्यंत पोचलेल्या बेअरिंगच्या उद्योगाची पायाभरणी अशी सायकलच्या गरजेतून झाली आहे.

दूधवाले, पेपरवाले, मुंबईचे डबेवाले ज्या भारदस्त काळ्या सायकली पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले, त्यांची बीबी अजूनही त्याच जुन्या घडणीची आहे. उजवीकडे एक पक्का बसवलेला कप, डावीकडे कमीजास्त फिरवता येणारा दुसरा कप, आणि तो हलू नये म्हणून त्यावर लॉक रिंग. ॲक्सलवरच दोन्ही टोकांजवळ छर्‍यांसाठी उतरती घडण असते. प्रत्येक बाजूला पाव इंची ११ छर्रे. काही बीब्यांमध्ये ते पत्र्याच्या जाळीत अडकवलेले येतात आणि तेव्हा बाजूला साधारण नऊच मावतात. जाळीमुळे जोडणी लवकर होते, पण छर्रे कमी म्हणजे प्रत्येकावरचा भार जास्त. ज्याला थोडा वेळ काढता येईल त्याने सुटे छर्रे भरावेत.

या जातीच्या बीबीचा मोठेपणा असा की तिचा प्रत्येक भाग उघडता येतो, धुता येतो आणि एकेकटा बदलता येतो. ओव्हरऑइलिंगला टाकलेल्या सायकलचे छर्रे मूठभर रुपयांत नवे होतात, आणि कप व ॲक्सल शाबूत असतील तर बीबी पुन्हा वर्षानुवर्षं चालते. ज्याचं पोट सायकलवर आहे त्याच्यासाठी याहून चांगली रचना कुणी केलेली नाही.

तिचा नाश बहुतेक वेळा वापराने होत नाही. तो हातोडीने होतो.

जुन्या सायकलीत क्रँक ॲक्सलवर कॉटर पिनने अडकवलेला असतो. कॉटर म्हणजे एका बाजूने तासलेली पोलादी पाचर. ॲक्सलवरच्या सपाट खाचेत ती घट्ट दाबून बसते. काढताना कारागीर नट सोडतो आणि पिनवर हातोडी मारतो. क्रँकखाली टेकू नसेल तर तो घाव पिनमधून ॲक्सलमध्ये, ॲक्सलमधून छर्‍यांत आणि छर्‍यांतून कपात उतरतो. छर्रा सगळ्यांत कडक. तो कपाच्या पृष्ठभागावर खळगा पाडतो. स्वीडनचे अभियंते योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी १९०० मध्ये धातूचा कडकपणा मोजायची जी पद्धत मांडली, तीही अशीच होती: कडक गोळी धातूवर दाबायची आणि खळग्याचा व्यास मोजायचा. बेअरिंगमधल्या या दोषाला त्यांचंच नाव मिळालं आहे. एकदा खळगे पडले की प्रत्येक फेऱ्यात छर्रे त्यांवरून ठेचकाळत जातात, आणि नवं ग्रीस भरून काही उपयोग होत नाही.

बचाव सोपा आहे. जमिनीवर भक्कम टेकलेला जाड पाइपाचा तुकडा किंवा भोक पाडलेला लाकडी ठोकळा क्रँकखाली असा लावायचा, की पिनचं डोकं त्या भोकात उतरेल आणि घावाचा जोर जमिनीत जाईल. नट पूर्ण काढायचा नाही, पिनच्या टोकाच्या पातळीपर्यंत सैल करून ठेवायचा. तो आट्यांचं रक्षण करतो. मग दहा टिचक्यांऐवजी एकच नेमका, जोराचा घाव. शिकंजा किंवा कॉटर दाबायचं यंत्र असेल तर हातोडीची गरजच नाही. नवी पिन बसवतानाही ती आधी दाबून किंवा टेकूवर ठोकून बसवायची आणि मग नट लावायचा. नटाने ओढून पिन बसवू गेलं तर मऊ आटे निघून येतात. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालाव्या लागतात. तसं झालं नाही, तर दोन क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि पाय दर फेऱ्याला हिसका खातो.

आता आट्यांकडे. बीबी काढताना सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते चुकीच्या दिशेला जोर लावल्यामुळे, म्हणून हा भाग नीट समजून घ्यायला हवा. जगातल्या बहुसंख्य सायकलींना इंग्रजी मापाचे आटे असतात: व्यास १.३७ इंच, एका इंचात २४ आटे, नळीची रुंदी ६८ मिलिमीटर. डोंगरी सायकलींत ७३ देखील. या मापाला अजून बीएसए म्हणतात. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, १८६१ मध्ये बंदुका बनवण्यासाठी निघालेली कंपनी. पुढे ती सायकलीकडे वळली, आणि तिचे सुटे भाग घेऊन इतर कारखाने सायकली जोडू लागले. बंदुकीच्या कारखान्यातली अचूक मापं अशी सायकलीत आली आणि टिकली. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या टीआय सायकल्समुळे बीएसए आणि हर्क्युलिस ही नावं भारतात तयार होणाऱ्या सायकलींवर आली, ती मराठी घरांतही ओळखीची आहेत.

या मापात डाव्या कपाला नेहमीचे सुलटे आटे असतात आणि उजव्या, म्हणजे चेनकडच्या कपाला उलटे. उजवा कप सोडवायचा तर पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा. हे ठाऊक नसलेला माणूस तो सोडवण्यासाठी जितका जोर लावतो तितका कप आवळत जातो, आणि शेवटी पाना घसरून कपाच्या कडा गोल होतात किंवा हाताची सालटी निघतात.

उलटे आटे का, हे पेन्सिलने घरी पाहता येतं. अंगठा आणि तर्जनी यांचं सैल कडं करून त्यात पेन्सिल उभी धरावी. तिचं वरचं टोक दुसऱ्या हाताच्या एका बोटाने कड्याच्या कडेला दाबत गोल फिरवावं. टोक घड्याळाच्या दिशेने फिरतं, आणि पेन्सिल स्वतःभोवती हळूहळू उलट दिशेने वळते, कारण ती कड्याच्या आतल्या अंगाला लोळत जाते. बीबीचा कप नळीत कितीही घट्ट बसवला तरी सूक्ष्म फट उरतेच. क्रँकबरोबर भाराची दिशा फिरते, कप त्या फटीत कणाकणाने लोळतो आणि फेऱ्याच्या उलट दिशेला सरकू पाहतो. उजव्या बाजूने पाहिलं तर क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून कप उलट सरकतो. त्याला सुलटे आटे असते तर तो सुटत गेला असता. उलट्या आट्यांमुळे तो आवळला जातो.

पेडलचं तत्त्व तेच, पण तिथे पायाचा भार सतत खालीच असतो आणि क्रँक फिरतो, म्हणजे क्रँकच्या दृष्टीने भार उलटा फिरतो. त्यामुळे तिथे उजवं पेडल सुलट्या आट्यांचं आणि डावं उलट्या आट्यांचं. विमान बनवण्याआधी डेटन गावात सायकली बनवणाऱ्या राइट बंधूंनी १९०० मध्ये आपल्या सायकलींना अशा उलट्या आट्यांचं डावं पेडल दिलं होतं.

बीबीच्या इटालियन मापात उलट्या आट्यांची ही काळजी घेतलेली नाही. तिथे व्यास ३६ मिलिमीटर, रुंदी ७० आणि दोन्ही कपांना सुलटे आटे असतात. परिणामी इटालियन सायकलींचा उजवा कप सुटत राहण्यासाठी प्रसिद्ध आहे. तो फार घट्ट आवळावा लागतो किंवा आट्यांना चिकटद्रव्य लावावं लागतं. प्यूजोसारख्या जुन्या फ्रेंच सायकलींचं ३५ मिलिमीटरचं माप आणखी वेगळं, आणि तेही दोन्हीकडे सुलटं. परदेशातून आणलेली जुनी सायकल उघडण्याआधी कपावर कोरलेलं माप वाचणं म्हणूनच गरजेचं असतं.

महाराष्ट्रात बीबीचा मुख्य शत्रू पाणी. बहुतेकांना वाटतं की ते चाकाने उडवलेल्या चिखलातून बाजूने शिरतं. थोडं तसं शिरतंही. पण त्याहून धोकादायक वाट वरची आहे. सीटची नळी जिथे फ्रेममध्ये शिरते तिथल्या फटीतून, बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूच्या भोकांतून पावसाचं पाणी फ्रेमच्या आत जातं आणि उतरत उतरत सगळ्यांत खालच्या जागी, म्हणजे बीबीच्या नळीत साचतं. जुलै महिन्यात सोसायटीच्या उघड्या आवारात उभी असलेली सायकल एकदाही चालवली नाही, तरी तिच्या बीबीचे छर्रे पाण्यात बुडून गंजलेले सापडू शकतात. चांगल्या फ्रेमच्या बीबीला तळाशी निचऱ्याचं लहान भोक ठेवलेलं असतं. ते रंगाने किंवा चिखलाने बुजलेलं नाही ना, हे पावसाळ्याआधी टाचणीने पाहून घ्यावं. सीटच्या नळीला ग्रीस लावून ठेवलं तर तिथली फट बऱ्यापैकी बंद होते. सायकल उलटी टांगून एकदा निथळू दिली तरी खूप फरक पडतो. गाड्या धुण्याच्या केंद्रावरचा जोरदार फवारा मात्र बीबीवर कधीच मारू नये. पाऊस जिथे पोचत नाही तिथेही तो सीलखालून पाणी घुसवतो.

कोकणात आणि गोव्यात यात खारी हवा मिसळते. ॲल्युमिनियमचा कप आणि पोलादी फ्रेम यांच्यामध्ये खारं पाणी राहिलं की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याचा पांढरा भुगा आट्यांत इतका घट्ट भरतो की काही वर्षांनी कप जागचा हलत नाही. त्यावर प्रतिबंध एवढाच की बसवताना आट्यांना भरपूर ग्रीस लावायचं. कोरड्या आट्यांवर बसवलेली बीबी हे पुढच्या कारागिरावर लादलेलं काम आहे.

बीबी तपासायला काही सुटं करावं लागत नाही. चेन चेनव्हीलवरून उतरवून बाजूला ठेवावी आणि क्रँक हाताने हळू फिरवावा. दुसरा हात सीटच्या नळीवर ठेवला तर आतली खरखर बोटांना लागते. मग दोन्ही क्रँकची टोकं धरून डावी-उजवीकडे हलवावीत. दोन्ही क्रँक एकत्र हलले तर ढिलाई बेअरिंगमध्ये आहे. एकच हलला तर तो क्रँक ॲक्सलवर सैल आहे किंवा त्याची कॉटर झिजली आहे. आवाजावर मात्र घाईने विश्वास ठेवू नये. ‘बीबी वाजतेय’ म्हणून दुकानात आलेल्या कित्येक सायकलींत दोष पेडलमध्ये, चेनव्हीलच्या बोल्टमध्ये किंवा सीटच्या नळीत सापडतो, कारण पोकळ नळ्यांमधून आवाज दूरवर जातो. सीटवरून उठून चालवल्यावर कटकट थांबली तर आधी सीट पाहावी. पेडल काढून, आटे पुसून, ग्रीस लावून पुन्हा बसवणं हाही स्वस्त प्रयोग आहे, आणि तो आधीच करून पाहावा.

जुन्या घडणीची बीबी उघडताना क्रँक काढल्यावर डाव्या बाजूने सुरुवात करतात. हुक पान्याने लॉक रिंग सोडवायची, डावा कप काढायचा, खाली फडकं किंवा ताटली धरायची म्हणजे छर्रे रस्त्यावर पळत नाहीत. ॲक्सलचं कोणतं टोक लांब आहे हे पाहून ठेवावं. ते उजवीकडे, चेनच्या बाजूला जातं. जाळीचे छर्रे असतील तर जाळीचं तोंड कोणीकडे होतं तेही लक्षात ठेवावं. उजवा कप शाबूत असेल तर तो फ्रेममध्येच राहू द्यावा आणि आतून पुसून टॉर्चने पाहावा. सगळं रॉकेलने धुऊन कोरडं करावं. कपात आणि ॲक्सलवर छर्‍यांच्या वाटेची एक चकचकीत रेघ दिसते. ती गुळगुळीत असेल तर भाग चांगला. तिच्यात टोचे, खळगे किंवा सोललेले चट्टे असतील, तर तो भाग बदलायचा. पॉलिश करून तो दुरुस्त होत नाही, कारण कडक थर वरवरचाच असतो. छर्रे मात्र जुने चांगले दिसले तरी नवेच घालावेत, आणि जुन्या-नव्यांची भेसळ करू नये.

कपात ग्रीसचा जाड थर भरून त्यात छर्रे रुतवायचे. अकरा बसले की थोडी जागा उरते. ती भरायला बारावा कोंबायचा नाही. आतून प्लॅस्टिकची नळकांडी बसवली तर सीटच्या नळीतून पडणारा गंज आणि पाणी छर्‍यांपर्यंत पोचत नाही. खूप कमी किमतीची ही वस्तू आहे आणि दुकानात ती पुष्कळदा काढून फेकली जाते, हे खेदाचं आहे. शेवटी डावा कप आवळत जायचा, ॲक्सल किंचित जड फिरू लागला की थोडा मागे घ्यायचा, आणि कप तिथेच धरून लॉक रिंग घट्ट करायची. लॉक रिंग कपालाही आपल्याबरोबर ओढते, म्हणून हे पुन्हा दोन-तीनदा जुळवावं लागतं. ढिलाईची अंतिम परीक्षा क्रँक लावल्यानंतर करावी. ॲक्सल बोटांत धरून जी ढिलाई कळत नाही, ती १७० मिलिमीटर लांब क्रँकच्या टोकाला लगेच कळते.

उजवा कप बदलायचाच असेल आणि तो हलत नसेल, तर एक जाड बोल्ट, नट आणि वॉशर पुरतात. बोल्ट कपाच्या भोकातून घालून दोन्हीकडून वॉशर लावायचे आणि बाहेरच्या बाजूने नट आवळत जायचा. नट आधी कपाला घट्ट पकडतो. मग त्याच दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, कप फिरू लागतो. उलट्या आट्यांचा कप सुटण्याची दिशा हीच. पाना घसरायला इथे जागाच नाही.

गियरच्या बहुतेक स्वस्त आणि मध्यम किमतीच्या सायकलींत आता कार्ट्रिज बीबी असते. ॲक्सल आणि दोन सीलबंद बेअरिंग एकाच डब्यात; उघडायचं काही नाही, खराब झाली की अख्खी बदलायची. ॲक्सलची टोकं चौकोनी, निमुळती असतात आणि क्रँक त्यांवर दाबून बसतो. काढताना बोल्टबरोबर त्याखालचा वॉशरही निघाला आहे ना, हे पाहावं. तो आत राहिला, तर क्रँक पुलर वॉशरवरच टेकतो आणि क्रँकचे आटे उपटून येतात. पुलर हाताने शेवटपर्यंत सरळ फिरवून मगच त्याचा दांडा आवळावा. नवी बीबी घेताना जुनीवर छापलेले दोन आकडे बघायचे, उदाहरणार्थ ६८ आणि ११३: पहिला नळीच्या रुंदीचा, दुसरा ॲक्सलच्या लांबीचा. लांबी चुकली तर चेनव्हील आत किंवा बाहेर सरकतं, चेन तिरकी चालते आणि पुढचे गियर नीट बदलत नाहीत. क्रँक फ्रेमला घासण्याचाही धोका असतो.

बसवताना पहिले काही फेरे बोटांनीच द्यावेत. बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरके लागले आहेत किंवा त्यांत रंग आहे. पावडर कोटिंग करून आणलेल्या फ्रेममध्ये हे हमखास होतं, आणि तिथे टॅप फिरवून आटे साफ करण्याला पर्याय नाही. शेवटचा जोर ५० ते ७० न्यूटन-मीटर हवा. ३० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर सतरा ते चोवीस किलो वजन टांगलं तर जेवढा जोर येईल तेवढा तो असतो, म्हणजे बहुतेक लोक घरी लावतात त्याहून बराच जास्त. चौकोनी टोकावरचा क्रँक बोल्ट ३५ ते ५० न्यूटन-मीटरचा. थोडं चालवल्यानंतर तो एकदा तपासावा, पण दर आठवड्याला आवळत बसू नये. प्रत्येक वेळी मऊ ॲल्युमिनियमचा क्रँक निमुळत्या टोकावर थोडा आणखी वर चढतो आणि शेवटी चिरतो.

महाग सायकलींत शिमानो कंपनीच्या हॉलोटेक २ पद्धतीने रचना बदलली. २४ मिलिमीटर जाडीचा पोकळ ॲक्सल उजव्या क्रँकलाच जोडलेला असतो आणि बेअरिंग नळीच्या बाहेर बसतात. दुरुस्ती फार सोपी झाली. डाव्या क्रँकचे दोन बोल्ट आलटून पालटून सैल करायचे, झाकण काढायचं, ॲक्सल बाहेर. बसवताना ते प्लॅस्टिकचं झाकण फक्त बोटांच्या जोराने लावायचं, कारण त्याचं काम ढिलाई काढण्यापुरतं आहे. खरी पकड १२ ते १४ न्यूटन-मीटरने आवळलेल्या दोन बोल्टची. पण बाहेर आलेली बेअरिंग पाण्याच्या आणि चिखलाच्याही जवळ आली. रोज पावसात कामावर जाणाऱ्यासाठी खोल दडलेली चौकोनी टोकांची कार्ट्रिज हीच अधिक शहाणी निवड आहे, मग ती थोडी जड असली तरी.

त्यापुढे कारखान्यांनी आटेच काढून टाकले. कॅननडेलने २००० मध्ये बीबी ३० आणली आणि २००६ मध्ये ते माप सर्वांना खुलं केलं. ४२ मिलिमीटरच्या नळीत ६८०६ क्रमांकाची बेअरिंग थेट दाबून बसवायची, ॲक्सल ३० मिलिमीटरचा. वजन कमी झालं, कडकपणा वाढला, कारखान्यातलं कामही वाचलं. मग एसरॅमची ४६ मिलिमीटरची, शिमानोची ४१ मिलिमीटरची अशी दाबून बसवायची मापं आली. अशा जोडणीत नळीचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांपर्यंत अचूक लागतो आणि दोन्ही बाजू एका रेषेत असाव्या लागतात. तसं नसेल तर बेअरिंग आपल्या जागेत सूक्ष्म हलतं आणि कुरकुरतं. आटे असलेला कप आवळून घट्ट करता येतो. दाबून बसवलेल्याला ती सोय नाही. ते काढतानाही आतून ठोकावं लागतं, आणि दर वेळी कार्बनच्या फ्रेमला धोका असतो.

म्हणून वारं पुन्हा फिरलं. २०१५ मध्ये ४७ मिलिमीटरच्या मोठ्या नळीला आटे देणारं टी ४७ हे माप अमेरिकेतल्या क्रिस किंग आणि आर्गोनॉट या कंपन्यांनी मांडलं. नंतर ट्रेकने ते आपल्या महागड्या रस्ता-सायकलींत घेतलं. स्पेशलाइज्डने २०२० च्या टारमॅक एसएल ७ या शर्यतीच्या सायकलीत तर सरळ इंग्रजी मापाचे आटे परत आणले, १.३७ इंची आणि उजवीकडे उलटे. त्या सायकलीची बीबी काढणारा कारागीर उजवा कप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच सोडवतो.